‘तेव्हा तुम्ही काय केलं असतं?’ : भावाची जुनी प्ली रद्द करून घेताना

२०२४ च्या ऑगस्टमध्ये माझ्या धाकट्या भावाची अमेरिकेतली डिपोर्टेशनची, म्हणजे देशाबाहेर काढण्याची, केस बंद झाली; ती त्याच्या जुन्या प्लीमुळे, म्हणजे कोर्टात दिलेल्या गुन्ह्याच्या कबुलीमुळे, उभी राहिली होती. ती चालू असताना मराठीत कुणी काही लिहिलंय का म्हणून मी रात्र-रात्र शोधत असे. ग्रीन कार्ड, एच-वन, मुलांच्या शाळा यांवर ढीगभर लिहिलेलं सापडतं. फौजदारी केसबद्दल आपल्यातला कोणी अवाक्षर काढत नाही, आणि का काढत नाही ते मला चांगलं कळतं. म्हणून भावाची आणि त्याच्या पूर्वीच्या बायकोची, दोघांची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. नावं आणि गाव देणार नाही. मी वकील नाही. आणि हे सगळं कॅलिफोर्नियाचं आहे. बाकी राज्यांत रस्ते वेगळे, मुदतीही वेगळ्या.

भाऊ २००६ साली एच-वनवर आला. २००८ पासून ग्रीन कार्डच्या रांगेत होता, ते २०१४ मध्ये हातात पडलं. २०१७ च्या फेब्रुवारीत नवराबायकोचं भांडण झालं, त्याने बायकोला ढकललं, ती ओट्यावर आपटली आणि तिच्या खांद्यावर वळ उठला. शेजाऱ्यांनी ९११ ला फोन केला. त्याने केलं ते चूकच होतं, आणि या लेखात मी त्याची बाजू मांडायला बसलेली नाही. भाची तेव्हा तीन वर्षांची होती.

दोन रात्री तो काउंटीच्या जेलमध्ये होता. सुटला तेव्हा कोर्टाचा आदेश होता की घराजवळ फिरकायचं नाही, म्हणून बे एरियातच माझ्याकडे राहायला आला. त्याच्यावर दोन आरोप होते, दोन्ही मिसडिमिनर, म्हणजे तुलनेने हलके गुन्हे. पहिला दंडसंहितेच्या कलम २७३.५ खाली, म्हणजे जोडीदाराला इजा होईल असा मार. दुसरा २४३(ई)(१) खाली, म्हणजे जोडीदाराच्या अंगावर हात टाकणं. यात इजा झालीच पाहिजे असं नाही. दोन्हींची कमाल शिक्षा जवळजवळ सारखीच. त्या वेळी हे आकडे आमच्यासाठी पिनकोडसारखे होते, एकातलं आणि दुसऱ्यातलं अंतर कोणाच्या डोक्यात आलं नाही.

ओळखीतून एक वकील मिळाले. फी पाच हजार डॉलर. जूनमधल्या तारखेला कोर्टाबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो होतो. ते आतून आले आणि म्हणाले, डीए (काउंटीचे सरकारी वकील) चांगली ऑफर देताहेत: पहिला आरोप कबूल करायचा, दुसरा ते सोडून देतील, जेल नाही, तीन वर्षं प्रोबेशन (जेलऐवजी कोर्टाची देखरेख) आणि घरगुती हिंसेविषयीचा ५२ आठवड्यांचा वर्ग. भावाने विचारलं, ग्रीन कार्डचं काय? वकील म्हणाले, मिसडिमिनर आहे, जेल नाही, तुम्ही इतकी वर्षं इथे आहात, काळजी करू नका. मी शेजारीच बसले होते, त्यामुळे हे वाक्य मी माझ्या कानाने ऐकलेलं आहे. मग फॉर्म आला. प्रत्येक चौकटीत आद्याक्षरं, शेवटी सही. त्यातल्या एका चौकटीत लिहिलं होतं की नागरिक नसाल तर शिक्षेमुळे देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. तिथेही त्याने आद्याक्षरं केली. जजसमोरचं काम चहा निवायच्या आत आटोपलं. दगडापेक्षा वीट मऊ, असंच त्या दिवशी आम्हा सगळ्यांना वाटलं.

साताऱ्याला माझे मामा वकिली करतात. त्यांना फोनवर सांगितलं तर ते चिडलेच, ‘अगं, गुन्हा कबूल कशाला करायचा? केस चालवायची ना!’ भारतातही २००६ पासून प्ली बार्गेनिंग, म्हणजे कबुलीच्या बदल्यात सौदा, आहे, पण स्त्रियांवरच्या गुन्ह्यांना ते लागूच नाही, आणि एरवीही मामांच्या कोर्टात ते क्वचितच दिसतं. इथे उलटं आहे. २०१२ च्या एका निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच आकडे दिले आहेत: फेडरल कोर्टांतल्या ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के शिक्षा कबुलीवरून होतात. म्हणजे वकिलाचं खरं काम इथे उलटतपासणीत कमी आणि त्या बाकावर जास्त.

पुढची वर्षं सरळ गेली म्हणायची. ५२ वर्ग झाले, दर वर्गाचे तीसेक डॉलर. २०१९ मध्ये घटस्फोट झाला. जून २०२० मध्ये प्रोबेशन संपलं. २०२१ मध्ये त्याने ‘एक्स्पंजमेंट’ करून घेतलं, म्हणजे १२०३.४ कलमाखाली राज्याच्या दफ्तरी केस डिसमिस झाली. आता पाटी कोरी, असं आम्ही धरून चाललो. हे ठळक अक्षरांत वाचा: इमिग्रेशनच्या लेखी या एक्स्पंजमेंटला जवळपास काहीच किंमत नाही. फेडरल कायद्यात शिक्षा ती शिक्षाच राहते.

२०२२ च्या सुरुवातीला त्याने सिटिझनशिपचा अर्ज भरला, फी ७२५ डॉलर. अर्जात अटकेबद्दल सगळं खरं लिहिलं, कागद जोडले. मुलाखत शरद ऋतूत झाली. अधिकारी सभ्यपणे बोलले. आणि २०२३ च्या जानेवारीत पाकीट आलं. त्यात होती ‘नोटीस टू अपिअर’. सॅन फ्रान्सिस्कोच्या इमिग्रेशन कोर्टात हजर व्हा, तुम्हाला देशाबाहेर का काढू नये ते सांगा.

त्या संध्याकाळी भाऊ माझ्याकडे आला आणि सोफ्यावर चपला न काढताच बसला. आमच्या घरात हे कधी होत नाही. आईला सांगलीला फोन करून काय सांगायचं यावरच आमचा तास गेला. शेवटी ‘कागदांचं काम निघालंय’ एवढंच सांगितलं.

इमिग्रेशनच्या वकीलबाईंनी पहिल्या भेटीचे तीनशे डॉलर घेतले आणि पहिल्या दहा मिनिटांत कागदावर ते दोन कलमांचे आकडे लिहिले. २७३.५ खालची शिक्षा फेडरल कायद्यात ‘घरगुती हिंसेचा गुन्हा’ धरली जाते. मिसडिमिनर असो, जेल नसो, माणूस वीस वर्षं इथे राहत असो, ग्रीन कार्डवाल्याला तेवढ्यावर बाहेर काढता येतं. २४३(ई)(१) मध्ये नकोसा साधा स्पर्शसुद्धा बसतो, म्हणून कॅलिफोर्निया ज्याखाली येतं त्या नवव्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टाने २००६ मध्येच ते कलम या व्याख्येबाहेर ठेवलेलं आहे. बाईंनी फाईल चाळली आणि म्हणाल्या, ‘डीएने जो आरोप सोडून दिला, तो तुम्ही कबूल करायला हवा होता, आणि जो कबूल केलात तो सोडवून घ्यायला हवा होता.’ भाऊ बराच वेळ त्या दोन आकड्यांकडेच बघत राहिला.

इमिग्रेशन जज जुन्या शिक्षेच्या आत डोकावत नाही. शिक्षा आहे, एवढंच तो बघतो. ती चुकीच्या सल्ल्याने झाली असेल तर जिथे झाली त्या फौजदारी कोर्टातच परत जावं लागतं. इमिग्रेशन कोर्टात तारखा घेत राहायच्या, बाईंनी त्या दरम्यान ‘कॅन्सलेशन’चा, म्हणजे देशाबाहेर काढणं माफ करण्याचा, अर्ज पर्याय म्हणून भरून ठेवला, आणि इकडे आम्ही दुसरा फौजदारी वकील शोधायला लागलो. दोन्ही कामं एकाच माणसाला येतात असं समजू नका. आम्ही ज्यांना भेटलो त्यांतले निम्मे ‘एवढ्या जुन्या प्लीचं आता काही होत नाही’ म्हणाले. ते खरं नव्हतं. कॅलिफोर्नियात २०१७ च्या १ जानेवारीपासून दंडसंहितेचं १४७३.७ कलम लागू आहे. शिक्षा भोगून झालेल्या, प्रोबेशनही संपलेल्या माणसाला त्याखाली जुनी शिक्षा रद्द करायला मोशन, म्हणजे कोर्टाकडे अर्ज, करता येतं. पण नोटीस हातात पडल्यावर हातावर हात धरून बसलात तर उशीर अंगाशी येऊ शकतो. ज्या वकिलांना हे कलम तोंडपाठ होतं, ते आम्ही घेतले. ठरलेली फी साडेसात हजार, दोन हप्त्यांत.

या नव्या वकिलांनी पहिल्याच बैठकीत आमची समजूत पार उलटी केली. आम्ही जुन्या वकिलांच्या चुकांची यादी घेऊन गेलो होतो. ते म्हणाले, वकील चुकला हे दाखवणं यातलं सोपं काम. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या स्ट्रिकलंड निकालापासून इथे दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: वकिलाचं काम कमी प्रतीचं होतं, आणि त्यामुळे तुमचं नुकसान झालं. २०१० मध्ये त्याच न्यायालयाचा पडिया विरुद्ध केंटकी हा निकाल आला. चाळीसहून जास्त वर्षं कायदेशीर राहिलेला, व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकेकडून गेलेला ट्रकचालक. त्याला वकिलाने सांगितलं होतं की इतकी वर्षं राहिलायस, इमिग्रेशनची काळजी नको. (हे ऐकताना भाऊ आणि मी एकमेकांकडे बघितलं.) न्यायालयाने ठरवलं की परिणाम स्पष्ट असेल तर वकिलाने तो स्पष्ट सांगायलाच हवा. पण त्या माणसाचं नुकसान झालं की नाही, हा प्रश्न न्यायालयाने खालच्या कोर्टाकडे परत पाठवला.

खरी लढाई त्या नुकसानावर असते. आम्हाला वाटत होतं, डिपोर्टेशन हेच नुकसान, अजून काय दाखवायचं? तसं नसतं. कोर्ट विचारतं: खरा परिणाम माहीत असता तर २०१७ च्या जूनमध्ये, त्या बाकावर, तुम्ही ही ऑफर नाकारली असती का? आज नाही, तेव्हा. आणि आज सगळेच ‘हो’ म्हणणार, म्हणून तुमच्या ‘हो’ला एकट्याला वजन नाही. तेव्हाच्या काळातला पुरावा लागतो.

वकिलांनी ली विरुद्ध युनायटेड स्टेट्स हा २०१७ चा निकाल समजावून सांगितला. लहानपणी दक्षिण कोरियातून आलेला मेम्फिसचा हॉटेलवाला, अमली पदार्थांची केस, पुरावा इतका पक्का की खटल्यात जिंकायची आशा जवळजवळ शून्य. सरकार म्हणालं, खटला हरलाच असता, मग नुकसान कसलं? न्यायालय म्हणालं, प्रश्न जिंकण्याचा नाही. ज्याला या देशात राहणं हीच सगळ्यांत मोठी गोष्ट आहे, तो हरण्याची जवळपास खात्री असूनही खटला पत्करेल, आणि ते वेडेपणाचं ठरत नाही. मात्र त्याच निकालात हेही आहे की मागाहून केलेल्या नुसत्या दाव्यावर प्ली मोडायची नाही. लीच्या बाबतीत तेव्हाचा पुरावा होता: प्लीच्या वेळी जजने डिपोर्टेशनचा निर्णयावर परिणाम होतो का विचारलं, तेव्हा तो ‘हो’ म्हणाला होता.

भावाने जजसमोर असं काही म्हटलेलं नव्हतं. शिवाय मिसडिमिनर असल्यामुळे त्या दिवशी कोर्ट रिपोर्टर नव्हता, म्हणजे काय बोलणं झालं याची प्रतच नाही. मग शोधाशोध सुरू झाली, आणि २०२३ चा वसंत आणि उन्हाळा त्यातच गेला.

आधी कोर्टाच्या क्लार्ककडून प्लीचा फॉर्म आणि त्या दिवशीची कोर्टाची नोंद. प्रमाणित करायचे ४० डॉलर, वर पानाला ५० सेंट. मिसडिमिनरच्या फायली काही वर्षांनी नष्ट करायची मुभा कोर्टांना असते. आमची सुदैवाने शाबूत होती. तुमची केस जुनी असेल तर बाकी काही करायच्या आधी या प्रती काढा.

मग जुन्या वकिलांकडची फाईल. ती अशिलाची असते, मागितली की द्यावी लागते. पहिल्या ईमेलला उत्तर आलं नाही. नव्या वकिलांनी त्यांच्या लेटरहेडवर दोन ओळी पाठवल्या, तेव्हा काही आठवड्यांत स्कॅन आली. तिच्यात हाताने लिहिलेल्या टिपणाचं एक पान होतं, जूनच्या तारखेच्या थोडं आधीचं. त्यावर इंग्रजीत एवढंच: ‘२४३, ४५ दिवस, नको’.

म्हणजे डीए दुसऱ्या आरोपावर तयार होते, फक्त त्यासाठी ४५ दिवसांचा जेल मागत होते. भावाला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी आनंदाने उडालेच. वकील नाही उडाले. म्हणाले, हे पान दोन्हीकडून कापतं. हा ‘नको’ कोणाचा? डीए म्हणतील, तुमच्या भावाचाच. त्याला जेल नको होता, त्याने जेल टाळण्यासाठीच ही प्ली घेतली, आणि आता इमिग्रेशनचं नाव पुढे करतोय. मला तेव्हा ते वकील फार निराशावादी वाटले. पुढे सुनावणीत डीएने जवळपास याच शब्दांत ते मांडलं.

म्हणून भावाच्या तेव्हाच्या मनात जेलपेक्षा ग्रीन कार्ड वर होतं, हे कागदाने दाखवायचं होतं. सहा वर्षांपूर्वीच्या मनाचा कागद कुठे मिळतो? मिळतो, पण भलत्याच ठिकाणी. त्याच्या ईमेलमध्ये एप्रिल २०१७ चा वकिलांना पाठवलेला चार ओळींचा मेल सापडला: यामुळे ग्रीन कार्डला काही होईल का, आम्ही सहा वर्षं थांबलो होतो, बाकी काही झालं तरी चालेल. त्याला लेखी उत्तर नव्हतं; वकिलांनी फोन केला होता, आणि फोनच्या बिलात त्या दिवशीचा कॉल दिसत होता. माझ्या जुन्या फोनच्या बॅकअपमध्ये प्लीच्या रात्रीचं आमचं व्हॉट्सॲपवरचं बोलणं मिळालं. त्यात तो लिहितो की वकील म्हणतो ग्रीन कार्डला धोका नाही, नाहीतर सही केली नसती. मराठी मजकुराला इंग्रजी अनुवाद आणि अनुवादकाचं शपथेवरचं डिक्लरेशन लागतं. ते मी करू शकत नव्हते, घरच्या माणसाचा अनुवाद चालवून घेतीलच असं नाही. बाहेरून करून घेतला, दीडशे डॉलर.

मग त्याची इथली मुळं किती खोल होती, याचे कागद. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल यासाठी उपयोगी पडतात: २०२१ चा विवार आणि २०२३ चा एस्पिनोझा. त्यांचं सार असं की सगळी परिस्थिती एकत्र बघायची: इथली कुटुंबाची नाती, किती वर्षं राहिला, इमिग्रेशनच्या दृष्टीने सुरक्षित दुसरी प्ली मिळण्यासारखी होती का, आणि तुमच्या म्हणण्याला बाहेरचा आधार आहे का. आम्ही जानेवारी २०१७ चं गृहकर्जाचं मंजुरीपत्र जोडलं, भाचीच्या प्रीस्कूलच्या पावत्या जोडल्या, ग्रीन कार्डच्या रांगेतली २००८ पासूनची पत्रं जोडली, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तो स्वयंसेवक होता त्याची ईमेल जोडली. शेवटच्या कागदाचं मला हसू येत होतं. वकील म्हणाले, असू दे, यानेच माणूस दिसतो.

सर्वांत अवघड कागद भावाच्या पूर्वीच्या बायकोचा. तिला विचारायला मी गेले, त्याला पाठवणं बरं दिसलं नसतं आणि योग्यही नव्हतं. तिने चहा केला, सगळं ऐकलं आणि म्हणाली, ‘ताई, मी लिहीन. पण त्या रात्री काही झालंच नाही असं लिहायला सांगाल तर नाही.’ मी म्हटलं, तसं कोणी मागत नाहीये. तिने दोन पानं लिहिली. पहिल्या अर्ध्या पानावर त्या रात्रीचं, जसं झालं तसं. पुढे असं की तो दर शनिवारी मुलीला नेतो, मुलीच्या खर्चाचे पैसे वेळेवर देतो. २०१७ मध्ये ग्रीन कार्ड जाणार असं कळलं असतं तर त्याने जेल पत्करला असता असं तिला वाटतं, कारण ते सहा वर्षं ती दोघं एकत्र थांबली होती. तिच्या त्या पहिल्या अर्ध्या पानामुळेच उरलेल्या दीड पानावर विश्वास बसला असं मला वाटतं. पत्रं गोळा करणाऱ्यांना म्हणूनच सांगेन, स्तुतिपत्रं लिहून घेऊ नका.

इमिग्रेशनच्या बाईंनी तज्ज्ञ म्हणून डिक्लरेशन दिलं की २४३(ई)(१) हा पर्याय २०१७ मध्ये सुरक्षित होता आणि हे तेव्हाच्या कोणत्याही माहितीपत्रकात सापडलं असतं. त्याचे आठशे डॉलर. जुन्या वकिलांनीही डिक्लरेशन दिलं: ही भेट त्यांना आठवत नाही, पण इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा असं सांगण्याची त्यांची पद्धत होती. फाईलमध्ये तशी एकही नोंद नव्हती. माझा त्यांच्यावरचा राग तोवर बराच निवला होता. आमचे वकील तर म्हणाले, त्यांच्यावर चिखलफेक अजिबात नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमात ‘वकील नालायक होता’ असं सिद्ध करणं सक्तीचं राहिलेलं नाही. अशिलाला परिणाम नीट कळला नाही आणि त्याने त्याचं नुकसान झालं, एवढं पुरतं.

मोशन सप्टेंबर २०२३ मध्ये दाखल झालं. सीआर-१८७ नावाचा फॉर्म आहे, सोबत लेखी युक्तिवाद आणि ही सगळी जोडपत्रं. दाखल करायला फी नाही. या कलमाखाली सुनावणी मिळणं हा हक्क आहे, नुसत्या कागदावर फेटाळता येत नाही. पण कधी, ते कोर्टाच्या हातात. डीएने उत्तरासाठी वेळ मागितला, नाताळ आला, मग आधीच्या जजची बदली झाली. इमिग्रेशन कोर्टाची तारीख जवळ येत चालली होती आणि भाऊ वजनाने उतरत होता.

मधल्या काळात वकिलांनी त्याला एक गोष्ट पुन:पुन्हा विचारली, आणि ती तुम्हालाही विचारली जाईल. मोशन मंजूर झालं तर केस संपत नाही. प्ली जाते आणि दोन्ही आरोप पुन्हा उभे राहतात. डीए खटला चालवू शकतात. दोष सिद्ध झाला तर कमाल ३६४ दिवस. (३६४ का, तर ३६५ दिवसांच्या मिसडिमिनरने लोक इमिग्रेशनच्या जाळ्यात अडकत, म्हणून राज्याने २०१५ पासून एक दिवस कमी केला.) चालेल? भाऊ पहिल्यांदाच न थांबता ‘चालेल’ म्हणाला. वकील म्हणाले, हेच उत्तर साक्षीत द्यायचं आहे, पण २०१७ मधल्या स्वतःच्या वतीने.

सुनावणी फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. भावाची साक्ष आधी. डीए तरुण बाई होत्या, तयारीच्या. ‘फॉर्मवर ही आद्याक्षरं तुमचीच ना?’ ‘हो.’ ‘वाचून केलीत?’ ‘वाचली. वकिलांना विचारलं. ते म्हणाले हे सगळ्यांच्याच फॉर्मवर असतं.’ इथे आमच्या वकिलांनी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा पॅटरसन निकाल पुढे केला: ‘परिणाम होऊ शकतो’ ही ठरीव सूचना मिळाली, एवढ्यावरून माणसाचा दावा बाद होत नाही. मग ते ४५ दिवसांचं टिपण निघालं. ‘तुम्हाला जेल नको होता, बरोबर?’ भाऊ म्हणाला, ‘जेल कोणाला हवा असतो? पण मला विचारलंच नाही. विचारलं असतं तर ४५ दिवस गेलो असतो.’ लगेच आमच्या वकिलांनी एप्रिलचा मेल वाचून दाखवला, ‘बाकी काही झालं तरी चालेल’ या ओळीसकट.

नंतर मी. बाकावरचं ऐकलेलं सांगितलं. डीएने विचारलं, तुम्ही बहीण आहात, भावाला वाचवण्यासाठी वाटेल ते कराल ना? मी म्हटलं, बरंच काही करीन, म्हणूनच तो माझ्याकडे राहत होता. पण ऐकलं ते ऐकलं. हात थरथरत होते, ते कठड्याखाली लपवले.

जजने निकाल राखून ठेवला आणि मार्चमध्ये खुल्या कोर्टात वाचला. त्यांनी तीन गोष्टींवर भर दिला. एक, तेव्हाचा मेल; दोन, ग्रीन कार्डसाठीची सहा वर्षं, कर्ज आणि लहान मुलगी ही इथली मुळं; आणि तीन, त्याच आरोपपत्रात दुसऱ्या ओळीवर असलेला सुरक्षित पर्याय, ज्यावर डीए बोलणी करायला तयार होते. टिपणातला ‘नको’ कोणाचा हे ठरवायची गरज नाही, असं ते म्हणाले. परिणाम माहीत नसताना दिलेला नकार असला तरी तो खरा नकार नव्हे. मोशन मंजूर.

आमचे वकील तरीही बसले नाहीत. आदेशात नेमके शब्द हवेत म्हणून ते अडून राहिले: नुकसान करणाऱ्या चुकीमुळे शिक्षा कायद्याने अवैध आहे. कारण इमिग्रेशन अपील मंडळाच्या २००३ च्या पिकरिंग निर्णयाप्रमाणे इमिग्रेशनवाले विचारतात, शिक्षा का रद्द झाली? मूळ कारवाईत दोष होता म्हणून झाली तर ती त्यांच्या लेखी गेली. माणूस सुधारला म्हणून, किंवा डिपोर्ट होईल याची दया आली म्हणून झाली, तर नाही गेली. नुसतं ‘मंजूर’ लिहिलेला आदेश घेऊन घरी येऊ नका.

महिनाभराने डीएशी नवं बोलणं झालं. २४३(ई)(१), नवं प्रोबेशन नाही, वर्ग आधीच झालेले, पण ते ४५ दिवस त्यांनी सोडले नाहीत. फक्त जेलऐवजी काउंटीच्या कामाच्या योजनेत. भावाने एप्रिलपासून शनिवार-रविवार रस्त्याकडेचा कचरा उचलला. सही करण्याआधी इमिग्रेशनच्या बाईंनी नव्या फॉर्मची ओळ न् ओळ वाचली, आणि ‘वस्तुस्थितीचा आधार’ या रकान्यात पोलिस रिपोर्टचा उल्लेख येऊ दिला नाही.

प्रमाणित आदेश इमिग्रेशन कोर्टात गेला, सरकारी वकिलांनी हरकत घेतली नाही, आणि ऑगस्टमध्ये केस बंद. भाऊ त्या डिसेंबरात आईला भेटून आला. परत येताना विमानतळावर त्याला बाजूच्या खोलीत नेलं. आदेशाच्या प्रमाणित प्रती हातातल्या बॅगेत होत्या, बघून सोडलं. सिटिझनशिपचा अर्ज कधी पुन्हा भरायचा ते बाईंवर सोडलं आहे. फी आता ऑनलाइन ७१० डॉलर झाली आहे.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: फौजदारीचे साडेसात हजार, इमिग्रेशनचे सगळे मिळून सहा हजारांच्या आसपास, किरकोळ वेगळं. हे झेपणारं नसेल तर आधी आपल्या काउंटीच्या पब्लिक डिफेंडरना, म्हणजे सरकारी खर्चाने बचाव करणाऱ्या वकिलांना, विचारा. काही ठिकाणी १४७३.७ ची कामं ते विनामूल्य करतात. आणि ज्यांची केस अजून प्लीपर्यंत पोचलेली नाही, त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या इमिग्रंट लीगल रिसोर्स सेंटरचे कॅलिफोर्नियाच्या कलमांचे तक्ते वकिलासमोर ठेवा आणि ग्रीन कार्डचा प्रश्न ईमेलने विचारा, फोनवर नको. वकिलांनी फोनवर उत्तर दिलं तर ‘आपण आत्ता असं म्हणालात’ म्हणून त्याच संध्याकाळी मेल टाका.